आबा असताना गेलेली मिशी

मागच्या हिवाळ्यात तुम्ही दोघं व्हिडिओ कॉलवर सारखं विचारत होतात, की आजोबा फक्त कपाळ का दाखवतात. कपाळ, त्यावर कानटोपीची कड आणि मागे घराचं आढं. मी म्हणायची, त्यांना फोन नीट धरता येत नाही. ते काही खोटं नव्हतं. त्यांना बऱ्याच गोष्टी नीट धरता येत नाहीत. पण कपाळाचं कारण वेगळं होतं, आणि आता सगळं होऊन गेलंय, म्हणून क्रमाने लिहून पाठवते. तुमचे बाबा वाचून दाखवणार असतील तर त्यांनी मधली वाक्यं गाळू नयेत, विशेषतः त्यांच्याबद्दलची.

सुरुवात त्यांच्यापासूनच होते. ते कामासाठी जपानला गेले होते आणि परत जाताना वाट वाकडी करून आमच्याकडे जळगावला आले. म्हाताऱ्या बापासाठी मुलं स्वेटर आणतात, रक्तदाब मोजायचं यंत्र आणतात. यांनी वस्तरा आणला. लाकडी चपट्या पेटीत, जांभळ्या कापडात गुंडाळलेला, जुन्या पद्धतीचा जपानी वस्तरा. आपल्या न्हाव्याचा वस्तरा मिटतो, पातं मुठीत लपतं. हा मिटत नाही. पातं आणि दांडा एकाच लोखंडाचा, दांड्याला बारीक वेत गुंडाळलेला. भाजी चिरायच्या सुरीला कोणीतरी उपाशी ठेवावं, तसा दिसायचा. त्याच्या दोन बाजू सारख्या नसतात आणि गालाला त्यातली एकच टेकवायची असते. कोणती, ते तुमच्या बाबांनी दोनदा समजावून सांगितलं आणि दोन्ही वेळा वेगळं सांगितलं. मग विमान पकडून निघून गेले.

तोपर्यंत तुमचे आजोबा प्लास्टिकच्या रेझरने दाढी करायचे. मी चहा ठेवायची, तो उकळेपर्यंत त्यांची दाढी होऊन जायची. कधी रक्त नाही, कधी बोलणं नाही. वस्तरा आल्यापासून दाढी हे त्यांचं सकाळचं काम राहिलं नाही, सकाळच दाढीची झाली. धार लावायचा दगड आधी पाण्यात भिजवायचा असतो. तो माझ्या इडलीच्या पातेल्यात भिजू लागला. मग तो दगड ओट्यावर ठेवून त्यावर पातं फिरवायचं, मग स्वयंपाकघराच्या दाराच्या कडीला अडकवलेल्या चामड्याच्या पट्ट्यावर पुढे-मागे पुसायचं. मग हातावरचा केस कापून धार बघायची. सणासुदीला कोपरापर्यंत बाह्या दुमडल्या की त्यांचा डावा हात रोग झालेल्या मांजरासारखा दिसायचा, कुठे केस, कुठे टक्कल.

हे सगळं ते मोबाइलवर शिकले. शिकवणारा एक परदेशी पोरगा होता आणि त्याला स्वतःला छातीपर्यंत दाढी होती. मी म्हटलं, "ज्याने जन्मात गाल उघडा पाहिला नाही त्याच्याकडून तुम्ही दाढी करायला शिकताय."

"अगं, तो अभ्यासक आहे."

"कशाचा?"

"तुला नाही कळायचं. ही नुसती दाढी नाही, हे ध्यान आहे."

"ध्यान करायचं तर डोळे मिटा. आणि डोळे मिटायच्या आधी ते हातातलं खाली ठेवा."

त्यांनी ठेवलं नाही. उलट घराला नियम लागले. दाढी चालू असताना बोलायचं नाही, कारण गाल हलतो. पंखा लावायचा नाही, कारण फेस वाळतो. दार वाजलं तर मी उघडायचं, आणि पायरव न करता. माणूस सरकारी इंजिनिअर म्हणून निवृत्त झाला. आयुष्यभर पूल बांधले, आणि एकही पूल बांधताना घरातला पंखा बंद करावा लागला नाही.

आता मिशीचं सांगते, कारण ते तुम्हाला तिकडे कोणी सांगणार नाही. आपल्या भागात बाप जिवंत असेपर्यंत मुलगा मिशी काढत नाही. बाप गेला की डोक्याबरोबर मिशीही उतरवायची. त्यामुळे पिकल्या वयाच्या माणसाचा ओठ एकदम कोरा दिसला, की कोणाला काही विचारावं लागत नाही. बघणाऱ्याला कळतं, की याच्या घरी काय झालं. तुमच्या आजोबांची आई गेली तेव्हा त्यांनी डोकं उतरवलं, पण मिशी ठेवली, कारण आबा होते. आबा म्हणजे त्यांचे वडील, तुमचे पणजोबा. थोडक्यात, आईच्या वाट्याला डोकं आणि बापाच्या वाट्याला मिशी. लग्न होऊन आले तेव्हा हे ऐकून मी हसले होते. माझ्याबरोबर कोणीच हसलं नाही, म्हणून मीही थांबले.

तुमच्या बाबांनी ही रीत कधीच मोडलेली आहे. पुण्याच्या हॉस्टेलमधून पहिल्या सुट्टीला आले ते कोरा ओठ घेऊनच. तुमच्या आजोबांनी आरडाओरडा केला नाही. जेवायच्या टेबलाशी आपली खुर्ची उलटी करून भिंतीकडे तोंड केलं आणि ती सगळी सुट्टी तशीच जेवले. "हा माझ्या जिवावर उठलाय," असं भिंतीला सांगायचे. त्या सुट्टीत तुमच्या बाबांना गावी आबांकडे नेलंच नाही. आबांना काय सांगणार? पुढे सवय झाली, खुर्ची सरळ झाली, पण विषय मिटला नाही, दोघांनीही तो नुसता झाकून ठेवला. आणि त्याच मुलाने बापाला वस्तरा भेट द्यावा, हे त्या दोघांपैकी कोणालाही विचित्र वाटलं नाही. पुरुषांच्या डोक्यात अशा गोष्टी वेगवेगळ्या खोल्यांत राहतात.

दिवाळी होऊन थंडी पडायला लागली होती. जवळच्या नात्यात हळद होती आणि तुमच्या आजोबांना मिशीची कड रेघ मारल्यासारखी सरळ हवी होती. उजवी कड झाली. डाव्या कडेसाठी वस्तरा डाव्या हातात घेतला. दोन बाजूंपैकी गालाची कोणती, याचा तिथे गोंधळ झाला असणार. ते मात्र आजही म्हणतात, की कुकरची शिट्टी झाली म्हणून हात हलला. कुकर माझा, म्हणून गुन्हाही माझा. काही का असेना, डाव्या मिशीचा शेवटचा तुकडा फेसाबरोबर बेसिनमध्ये पडला.

शहाणा माणूस तिथे थांबतो. हळदीला जात नाही, मिशी येऊ देतो. यांनी तोल साधायला उजवीकडून थोडी काढली. ती जास्त निघाली. मग डावीकडून. इंजिनिअर माणूस, दोन्ही बाजू समान केल्याशिवाय चैन नाही. शेवटी नाकाखाली टपाल तिकिटाएवढी मिशी उरली. तशी मिशी जगात कोणी का ठेवत नाही, ते तुम्हाला शाळेत शिकवलंच असेल. ते त्यांच्याही लक्षात आलं. मग तेवढीही काढावी लागली.

मी आत गेले तेव्हा ते बाथरूममधल्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसले होते. जुनं कॅलेंडर काढल्यावर भिंतीवर जसा पांढरट चौकोन उरतो, तसा ओठ झाला होता. माझ्याकडे न बघता एवढंच म्हणाले, "आबा आहेत गं अजून."

मला दया यायला हवी होती. मला इडलीचं पातेलं दिसलं, त्यात तो दगड होता, आणि दया आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते फाटकाशी वर्तमानपत्र उचलायला गेले, आणि त्याच वेळी त्यांचे एक चुलतभाऊ मोटारसायकलवरून जात होते. ते गावचेच, पण आता आमच्याच कॉलनीच्या पलीकडे राहतात. गाडी थांबली. चुलतभाऊ आत आले, चपला काढल्या, डोक्यावरची टोपी काढली आणि सोफा असताना खाली सतरंजीवर बसले. तुमच्या आजोबांनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं ते खाली केलंच नाही. मी विचारलं, "चहा ठेवू का?" त्यांनी नुसता हात वर करून नको म्हटलं. बराच वेळ बसले, एक सुस्कारा सोडला आणि 'येतो' न म्हणता उठून गेले. मला वाटलं, केवढा हा अडाणीपणा. मौतीच्या घरी 'या' म्हणत नाहीत आणि 'येतो' म्हणत नाहीत, तिथे चहा घेत नाहीत, हे मला ठाऊक होतं. पण माझ्या घरी मौत झालीय, हे मला ठाऊक नव्हतं.

दुपारी डोक्यावरून पदर घेतलेल्या तीन बायका आल्या. पुढे त्या चुलतभावाची बायको, हातात झाकलेलं पातेलं. त्याही गप्प बसल्या. मी गोंधळून त्यांच्यासमोर बसले. तेवढ्यात आत माझ्या कुकरची शिट्टी झाली.

चुलत जाऊबाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी चोरी करताना सापडले.

"माय व माय! कुकर लायेल शे?"

"हो. वरण-भात."

"वहिनी, तुमले काहीच वाटत नही का? आजना दिन तरी चूल बंद ठेवतात ना वं! म्हनीसन तर आम्ही खिचडी लई उनू."

"आज काय आहे?"

त्यांच्या डोळ्यांना धार लागली. "आबा गयात ना!"

आतल्या खोलीतून तुमच्या आजोबांचा आवाज आला, मफलरमधून आल्यासारखा. "आबा आहेत! आबांना काही झालेलं नाही!"

तिघी एकमेकींकडे बघू लागल्या. मग जाऊबाईंनी विचारलं, "मंग मिशी?"

मी सांगितलं. जपानी वस्तरा, डावा हात, सगळं. मला वाटलं, त्या आनंदतील. त्या रागावल्या. रडणं फुकट गेलं, याचा राग जिवंत माणसाच्या बातमीने जात नाही, हे मला त्या दिवशी कळलं. जाऊबाई उठल्या, पातेल्यावरचं झाकण घट्ट केलं आणि खिचडी परत घेऊन गेल्या.

संध्याकाळी गावाहून तुमच्या आजोबांच्या धाकट्या भावाचा फोन आला. आबा त्यांच्याकडे राहायचे, धुळ्याच्या पुढे साक्री रस्त्यावरच्या आमच्या गावी. दुपारभर बातमी सगळ्या भाऊबंदकीच्या फोनांवरून फिरली होती आणि त्या बिचाऱ्याला लोकांना पटवावं लागत होतं, की आबा ओसरीत खाटेवर आहेत. माझा फोन ओट्यावर होता, स्पीकरवर.

"दादा, मी फोन उचली उचली थकी गऊ. एक जण तर म्हने, तू खोटं सांगस."

मग दिरांचा आवाज बदलला.

"ते ऱ्हाऊ दे. दादा, आबास्नी जेवन सोडं. दूध बी घेत नहीत. धुळ्याना डॉक्टर म्हने, आजार काहीच नही, वय शे. सकायपाइन तुनंच नाव घेतस. तू ये."

"येतो," आजोबा म्हणाले. फोन ठेवला, आणि मग मला म्हणाले, "मिशी जरा वर येऊ दे. मग जाऊ."

मला आधी वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

"अहो, त्यांनी जेवण सोडलंय."

"ऐकलं मी."

"मग ते तुमच्या मिशीसाठी थांबणार आहेत, असं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुला नाही कळायचं. जिवंत बापासमोर हा ओठ घेऊन जायचं, म्हणजे त्याला त्याची तिरडी नेऊन दाखवायची. खाटेवर पडलेल्या माणसाला! तो त्याच क्षणी जाईल."

"आणि तुम्ही गेला नाहीत आणि ते तुमचं नाव घेत गेले, तर?"

मी बोलत राहिले. शाळेत शिकवताना मी वर्गात पुष्कळ मुलींना बोलले असेन, पण त्या संध्याकाळी त्यांना जे बोलले तसं कोणाला नाही. म्हटलं, नव्वदी ओलांडलेला म्हातारा मुलाची वाट बघतोय आणि मुलगा नाकाखालचं पीक यायची वाट बघतोय. म्हटलं, आपल्या मुलाने मिशी काढली तेव्हा तुम्ही महिनाभर भिंतीला जेवायला बसलात, आता तुमच्यासाठी कोणती भिंत शोधू? हे शेवटचं लागलं. उठून आत गेले.

परत आले ते काळी मिशी घेऊन. माझ्या काजळाच्या पेन्सिलीने काढली होती. शाळेच्या गॅदरिंगमध्ये मावळा होणारी पोरं दिसतात, तसे दिसत होते, फक्त म्हातारे. मी हसले. हसू थांबेना. आरशात स्वतःला बघून त्यांनी ती धुऊन टाकली आणि म्हणाले, "उद्या सकाळची गाडी सांग."

निघायच्या आधी मी वस्तरा तांदळाच्या डब्यात खोल पुरून ठेवला. विचारायची त्यांची हिंमत झाली नाही.

जळगावहून गावी पोचायला एरवी दुपार होत नाही. त्या दिवशी एरंडोलच्या पुढे त्यांना मळमळायला लागलं, पारोळ्याला चहा हवा झाला, धुळ्यात औषधाचं दुकान आठवलं. दुकानात जाऊन त्यांनी मास्क घेतला. कानटोपी होतीच, मफलर होता, त्यावर मास्क. दरोडेखोरसुद्धा एवढा झाकून घेत नाही.

गावात गाडी पाराजवळ आली तशी पारावरची माणसं उठून उभी राहिली. एकाने टोपी काढली. बातमी ऐकलेली होती, खोटी ठरलेलीही ऐकली होती, पण तोंड बांधलेला थोरला मुलगा गाडीतून उतरताना दिसला की माणूस कशावर विश्वास ठेवणार? एक म्हातारे आमच्या पुढे झपाझप चालत घरात शिरले, ओसरीतल्या खाटेकडे बघितलं, बाहेर आले आणि पाराकडे हात हलवून ओरडले, "शेतस! शेतस!" म्हणजे, आहेत.

आबा खाटेवर उताणे होते. हनुवटीपर्यंत गोधडी. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि ऑपरेशनला ते कधीच तयार झाले नाहीत. जे बघायचं ते बघून झालंय, म्हणायचे. अंग एवढं वाळलं होतं, की गोधडीखाली माणूस आहे हे शोधावं लागत होतं. फक्त मिशी तशीच होती, पांढरी, दोन्हीकडे ओठाखाली उतरलेली.

"कोन शे?"

"मी, आबा."

"जोडे कोन शे?"

"मी आहे आबा," मी म्हटलं.

"हां. इंग्रजीवाली." मी इंग्रजी शिकवणारी, म्हणून ते मला कायम असंच म्हणायचे, पहिल्या दिवसापासून. मग मुलाकडे तोंड वळवलं. "तुना आवाज असा का येस? तोंडले काय बांधेल शे?"

"सर्दी आहे आबा. तुम्हाला लागायला नको."

"माले आते काय लागनार शे? काढ ते."

तुमच्या आजोबांनी माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं. त्यांनी मास्क काढला, मफलर सोडला. आबांना काही दिसलं नसणार. पण ते म्हणाले, "आठे ये," आणि गोधडीतून हात बाहेर काढला. तुमचे आजोबा खाटेशी खाली बसले. आबांनी त्यांच्या कपाळावर हात ठेवला, मग गालावर, मग अंगठा नाकाखाली आला आणि तिथे थांबला.

दीर जमिनीकडे बघत होते. दारात माणसं जमली होती, त्यांपैकी कोणी हललं नाही. तुमच्या आजोबांनी डोळे मिटून घेतले होते. मला त्यांचा एरवी कितीही राग असला, तरी तेव्हा वाटलं, हा माणूस इथेच मोडणार.

आबांनी विचारलं, "मी मरी गऊ का रे?"

"नाही आबा."

"मंग बरं शे. माले कोनी सांगं नव्हतं." अंगठा अजून तिथेच. "काय व्हयनं?"

"वस्तरा सटकला."

"हात कोना व्हता?"

"माझाच."

"न्हावी मरी गया का?"

"नाही आबा."

"न्हावी बी जित्ता शे, बाप बी जित्ता शे, मंग तुले कसानी घाई व्हती?" दारात कोणीतरी फसकन हसलं. आबांना ते ऐकू आलं. त्यांनी मान थोडी वर केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "आनि आते मी मरसू तव्हय काय काढशी रे? कान?"

सगळी ओसरी हसली. मीही हसले. आबा स्वतः हसले, खोकले, परत हसले. तुमचे आजोबा मात्र त्यांच्या हातात तोंड खुपसून लहान मुलासारखे रडले. आबांनी त्यांना थोडा वेळ रडू दिलं. मग वैतागून म्हणाले, "पुरे आते. मिशी येस तोवर आठेच ऱ्हाय. तोवर मी काही जात नही. बिगर मिशीना पोऱ्या माले आग दी, बठ्ठा लोके काय म्हनतीन?" आणि दिरांना म्हणाले, "दूध लई ये. थंड नको."

दूध आलं. त्यांनी ते तुमच्या आजोबांच्या हातून घेतलं, सगळं.

मी जळगावला परत आले. इडलीचं पातेलं घासून घेतलं, कडीवरचा पट्टा काढला, सकाळी पंखा लावून, मोठ्याने रेडिओ लावून बसले. तुमचे आजोबा गावी राहिले. तुमचे ते कपाळाचे कॉल तिथले. रोज सकाळी आबा त्यांना खाटेशी बोलवायचे, अंगठ्याने ओठ चाचपायचे आणि निकाल द्यायचे. "काटा लागस. अजून नही." निकाल देऊन झाला की जेवायला मागायचे. गावातली माणसंही येता-जाता आत डोकावून मिशीची चौकशी करायची. कपाशीची चौकशी करावी तशी.

मिशी आली ती पांढरी. आधी इतकी वर्षं तुमचे आजोबा मिशीला काळा रंग लावायचे, मला वाटतं सगळ्या कॉलनीला ते माहीत होतं, फक्त त्यांना वाटायचं कोणाला माहीत नाही. गावी रंग नव्हता. पहिल्यांदा आरशात बघितलं तेव्हा त्यांनी मला फोन केला आणि म्हणाले, "अगं, ही तर आबांची मिशी आहे."

एक दिवस आबांनी नेहमीप्रमाणे ओठ चाचपला आणि म्हणाले, "व्हयनी." झाली. घरातल्या सगळ्यांना वाटलं, की आता हे जाणार. आबा त्या दिवशी गेले असते तर गोष्ट छान जमली असती. पण आबा कोणाच्या सोयीने वागणारे नव्हते. त्या दिवशी त्यांनी वरणाला मीठ कमी आहे म्हणून दिरांच्या बायकोला शिव्या दिल्या आणि नंतरही दिल्या. होळी गेली, ऊन चढलं. तुमचे आजोबा जळगावला यायचे, चार दिवस राहून परत गावी जायचे. वस्तऱ्याबद्दल त्यांनी एकदाही विचारलं नाही. प्लास्टिकचा रेझर परत सुरू झाला.

आबा उन्हाळ्यात गेले, सकाळी, तुमच्या आजोबांचा हात धरून. तुमचे बाबा त्यासाठी आले होते, ते तुम्हाला ठाऊक आहेच. दहाव्या दिवशी धरणाच्या काठी गावच्या न्हाव्याने तुमच्या आजोबांचं डोकं उतरवलं, मग मिशी. ती पडली तेव्हा त्यांनी ओठावर बोट ठेवून बघितलं. नंतर तुमचे बाबा पाटावर बसले, नातू म्हणून डोकं द्यायला. न्हाव्याने त्यांच्या कोऱ्या ओठाकडे बघितलं, शेजारी उभ्या तुमच्या आजोबांकडे बघितलं, आणि हलक्या आवाजात आजोबांना विचारलं, "ह्या आधीच काढीसन बसेल शेतस का?"

तुमचे आजोबा म्हणाले, "तो परदेशात राहतो." जसं काही तो एखादा आजार आहे.

परत जाताना मी तुमच्या बाबांच्या बॅगेत वस्तऱ्याची पेटी घातली, दगड आणि पट्ट्यासकट. त्यांनी ती बघितली आणि बॅगेची चेन लावली. तुमच्या आजोबांना आता मिशी काढायला कोणाची आडकाठी नाही. त्यांनी ती परत वाढवली आहे, पांढरीच.

मी हे आज लिहायला घेतलं ते परवाच्या कॉलमुळे. तुमचे बाबा फोन असा धरून बोलत होते, की आम्हाला फक्त त्यांचं कपाळ आणि तुमच्या स्वयंपाकघराचा दिवा दिसत होता. मी म्हटलं, "खाली कर कॅमेरा." त्यांनी केला नाही. मागून तुमच्यापैकी कोणीतरी खिदळलं. ती विरळ आणि वाकडी असणार, याबद्दल मला शंका नाही. हॉस्टेलला जायच्या आधी तरी कुठे धड येत होती.

तुमचे आजोबा तेव्हा जेवत होते. त्यांनी ताट सरकवलं, खुर्ची उचलून फोनसमोर आणली आणि तिकडे तोंड करून जेवायला बसले.